पांढरा कागद करडा का येतो? एक्स्पोजरचं गणित, सेन्सरपासून सायनोटाइपपर्यंत

मिक्स्ड मीडिया करणाऱ्यांची एक कायमची तक्रार असते. चित्र समोर एवढं छान दिसतंय, पांढराशुभ्र कागद, त्यावर फोटोची प्रिंट चिकटवलेली, वरून शाईच्या रेघा, कोपऱ्यात थोडा सोनेरी वर्ख, आणि मोबाईलनं फोटो काढला की कागद मळकट करडा, वर्ख पांढराफट्ट आणि शाईतले बारकावे गायब. मग म्हणतात कॅमेरा बदलायला हवा. कॅमेरा बहुतेक वेळा ठीकच असतो हो, फक्त समोर काय आहे हे त्याला ठाऊक नसतं.

कॅमेऱ्यातला लाइट मीटर समोरून परत आलेला प्रकाश मोजतो, बास, एवढंच त्याचं काम. आता हा प्रकाश जास्त आहे म्हणजे समोर पांढरा कागद आहे की काळ्या कापडावर कुणी प्रखर दिवा मारलाय, हे नुसत्या मोजमापावरून कळायला काही मार्गच नाही. म्हणून मीटर एक ठोकताळा धरून चालतो, की समोरचं सगळं सरासरीनं मध्यम करडं असणार. फोटोग्राफर जे ग्रे कार्ड वापरतात ते १८ टक्के प्रकाश परत पाठवतं, आणि ५० नाही तर १८ का, तर आपले डोळे प्रकाश सरळ बेरजेनं बघत नाहीत. काळ्या आणि पांढऱ्याच्या बरोबर मधलं वाटणारं करडं खरंतर पांढऱ्याच्या जेमतेम पाचवा हिस्सा प्रकाश परत पाठवत असतं. चांगला पांढरा कागद ९० टक्क्यांच्या आसपास पाठवतो, मीटर त्यालाही ओढून मधल्या करड्यावर आणतो, आणि फोटो काळवंडतो. काळ्या बोर्डवर काम केलं असेल तर बरोबर उलटं होतं, काळं उगाचच उजळून धुरकट होतं. नवे मोबाईल दृश्य ओळखायचा प्रयत्न करतात, चेहरा कुठला, आकाश कुठलं वगैरे, पण अख्खी फ्रेम भरून नुसता कागद आला की तेही गोंधळतात.

इथं स्टॉप ही गोष्ट समजून घ्यायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. एक स्टॉप वाढवला म्हणजे प्रकाश दुप्पट, एक कमी केला म्हणजे निम्मा. शटर, म्हणजे प्रकाश आत सोडणारा पडदा, १/६० सेकंदाऐवजी १/३० सेकंद उघडा ठेवला की एक स्टॉप वाढला. ॲपर्चरचे, म्हणजे लेन्सच्या भोकाचे, आकडे विचित्र वाटतात, १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६, पण त्यात काही गूढ नाही, प्रकाश भोकाच्या क्षेत्रफळावर ठरतो आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर, त्यामुळं प्रकाश निम्मा करायला व्यास २ च्या वर्गमुळानं, म्हणजे १.४१ नं भागावा लागतो, आणि हे आकडे (आकडा मोठा म्हणजे भोक लहान) त्याच पटीनं वाढत जातात. आता मघाचा कागद घ्या. १८ वरून ९० म्हणजे पाचपट, दोन दुपटी आणि वर थोडं. म्हणून पांढऱ्या कागदावरच्या कामाचा फोटो काढताना एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरनं ठरवलेलं एक्स्पोजर, म्हणजे किती प्रकाश घ्यायचा ते, कमीजास्त करायची सोय) दीड-दोन स्टॉप वर न्यायचं, मोबाईलवर टॅप करून सूर्याचं चिन्ह वर सरकवायचं, आणि कागद कागदासारखा दिसायला लागतो.

दुपटीत मोजायचं कारण जगातला प्रकाशच तसा आहे. भर दुपारच्या उन्हात साधारण १ लाख लक्स प्रकाश असतो आणि रात्री दिव्याखाली खोलीत १०० च्या आसपास, म्हणजे हजारपट फरक, पण आपल्याला हजारपट वाटतो का? नाही वाटत. डोळे आणि मेंदू मिळून तो फरक गिळून टाकतात. स्टॉपमध्ये तो दहाच आहे, कारण दहा दुपटी म्हणजे १०२४. कॅमेऱ्याला हे जुळवून घेणं आपोआप जमत नाही, त्याचे दहाचे दहा स्टॉप कुठूनतरी भरून काढावेच लागतात.

आता सेन्सरच्या, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या चिपच्या, आत काय होतं ते बघू, कारण एक्स्पोजर चुकल्यावर काय परत मिळतं आणि काय कायमचं जातं ते इथं ठरतं. फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, सिलिकॉनवर आदळतो आणि एक इलेक्ट्रॉन मोकळा करतो, प्रत्येक पिक्सेल एक्स्पोजर चालू असेपर्यंत हे इलेक्ट्रॉन साठवतो आणि शेवटी ते मोजले जातात. साठवायची क्षमता ठरलेली असते, मोठ्या कॅमेऱ्यात पिक्सेलमागे काही दहा हजार, मोबाईलच्या चिमुकल्या पिक्सेलमध्ये काही हजार. ती भरली की पुढचा प्रकाश मोजलाच जात नाही. वर्खावरचा तो पांढरा डाग म्हणजे भरलेले पिक्सेल, तिथं नंतर कुठल्याही ॲपमध्ये कितीही ओढाताण केली तरी काही निघत नाही, कारण नोंदच झालेली नाही.

अंधाऱ्या भागाची अडचण वेगळी. फोटॉन पावसाच्या थेंबांसारखे स्वैर येतात, शेजारशेजारच्या दोन फरशांवर कधी मोजून सारखे थेंब पडत नाहीत, तसंच पिक्सेलचं. गणित असं, की सरासरी जितके फोटॉन येणार त्याच्या वर्गमुळाएवढा चढउतार असतोच. उजळ भागात ४०,००० फोटॉन आले तर चढउतार २०० चा, म्हणजे अर्धा टक्का, दिसणारही नाही. गडद शाईत १०० आले तर चढउतार १० चा, म्हणजे तब्बल दहा टक्के, आणि हीच ती रवाळ खरखर. हा सेन्सरचा दोष नाही बरं का, प्रकाशाचाच स्वभाव आहे, कितीही महागडा कॅमेरा घेतला तरी यातून सुटका नाही. सुटका एकाच गोष्टीनं होते, जास्त प्रकाश गोळा करून.

आणि म्हणूनच आयएसओ या कॅमेऱ्यातल्या सेटिंगबद्दल मला नेहमी सांगावंसं वाटतं की आयएसओ वाढवल्यानं कॅमेऱ्यात जास्त प्रकाश येत नाही, आलेल्या प्रकाशाचा सिग्नल फक्त मोठा करून दाखवला जातो, खरखरीसकट. समोरचं चित्र हलत नाहीये, मग ट्रायपॉड लावा, आयएसओ १०० वर ठेवा आणि शटर हवं तेवढा वेळ उघडं राहू द्या. चित्र काही पळून जात नाही.

फिल्मच्या जमान्यात हे सगळं रसायनात व्हायचं. सर्वात जुना टिकलेला कॅमेऱ्यातला फोटो नीएप्स या फ्रेंच संशोधकाचा, १८२६-२७ चा, कथिलाच्या मिश्रधातूच्या पत्र्यावर डांबराचा थर देऊन घेतलेला. प्रकाश पडला तिथं डांबर कडक झालं आणि उरलेलं तेलात धुऊन गेलं. एक्स्पोजर किमान आठ तासांचं, काही अभ्यासकांच्या मते कित्येक दिवसांचं, त्यामुळं त्यात इमारतींच्या दोन्ही बाजूंना ऊन पडलेलं दिसतं. १८९० मध्ये हर्टर आणि ड्रिफिल्ड या दोघांनी प्रकाश आणि काळेपणा यांचं नातं आलेखावर मांडलं, इंग्रजी एस सारखी ती वक्ररेषा, खाली आणि वर चपटी, मध्ये चढ. एक्स्पोजर बरोबर म्हणजे महत्त्वाचा भाग त्या मधल्या चढावर बसवणं, एवढी साधी व्याख्या त्यांच्यामुळं मिळाली. त्यानंतर दहाएक वर्षांत कार्ल श्वार्त्झशिल्डनं, हो तोच कृष्णविवरांच्या गणितातला, व्हिएन्नाच्या वेधशाळेत ताऱ्यांचे फोटो घेताना दाखवून दिलं की निम्मा प्रकाश आणि दुप्पट वेळ हा हिशेब फार मंद प्रकाशात फिल्मवर फसतो. चांदीच्या क्षाराच्या कणात चांदीचे तीन-चार अणू एकत्र जमले तरच ठसा टिकतो, आणि फोटॉन फार सावकाश आले तर पुढचा येईपर्यंत आधीचा एकटा अणू मोडून गेलेला असतो. डिजिटल सेन्सरला ही अडचण नाही, तिथं दुप्पट म्हणजे दुप्पट.

पण एक्स्पोजर हातात धरून बघायचं असेल तर सायनोटाइप, म्हणजे उन्हात कागदावर निळे ठसे छापायची पद्धत, करून बघा, याच्याइतकं चांगलं मला काही सापडलेलं नाही, आणि मिक्स्ड मीडियाला ते इतकं जुळतं की विचारू नका. १८४२ मध्ये जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञानं शोधलेली पद्धत, आणि लगेच १८४३ पासून ॲना ॲटकिन्सनं समुद्री शेवाळांचे ठसे यानं छापून पुस्तक काढलं, फोटोंनी सजवलेलं पहिलं पुस्तक तेच मानतात. १९५० च्या आसपास रॉबर्ट राउशेनबर्ग आणि सुझन वाइल या अमेरिकन चित्रकारांनी ब्लूप्रिंटच्या मोठ्या कागदावर माणसांना झोपवून त्यांच्या आकृत्या उमटवल्या, रसायन तेच. फेरिक अमोनियम सायट्रेट २५ ग्रॅम १०० मिली पाण्यात, पोटॅशियम फेरीसायनाइड १० ग्रॅम १०० मिली पाण्यात, दोन्ही वेगवेगळं ठेवायचं आणि वापरायच्या वेळी सारख्या भागात मिसळून ब्रशनं कागदावर लावायचं, मंद पिवळ्या दिव्याखाली, आणि अंधारात वाळवायचं. हातमोजे घाला, आणि यात तीव्र आम्ल कधीच मिसळू नका, त्यातून विषारी वायू निघू शकतो.

वाळलेला कागद पिवळसर हिरवा असतो. त्यावर निगेटिव्ह (उजेड-अंधार उलटा असलेली पारदर्शक फिल्म) किंवा पानं, जाळी, ट्रेसिंग पेपरवरचं चित्र, काहीही ठेवून काच दाबून उन्हात न्यायचं. अतिनील किरणं लोहाला एक इलेक्ट्रॉन देववतात, फेरिकचं फेरस होतं, आणि फेरस लोह फेरीसायनाइडला भेटलं की प्रशियन ब्लू तयार होतो जो पाण्यात विरघळत नाही. उरलेलं पिवळं पाण्यात धुऊन जातं, नीएप्सच्या डांबरासारखंच. ऊन लागताना रंग बघत राहावा, हिरवा, मग निळसर, मग गडद, आणि नंतर सगळ्यात गडद भाग चक्क फिके पडून राखाडी, थोडे चंदेरी होतात. नवीन माणूस इथं घाबरतो आणि कागद आत आणतो, आणि नेमकं तिथंच अंडरएक्स्पोज होतं, म्हणजे प्रकाश कमी पडतो. ते राखाडी म्हणजे निळ्या रंगाला जास्तीचे इलेक्ट्रॉन मिळून तो तात्पुरता बिनरंगी झालेला असतो, धुतल्यावर हवेतला ऑक्सिजन ते इलेक्ट्रॉन काढून घेतो आणि एका दिवसात पूर्ण निळा परत येतो, धुवायच्या पाण्यात थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड टाकलं तर डोळ्यांदेखत, काही सेकंदांत. म्हणजे उन्हात बरोबर दिसतंय तिथं थांबलात तर प्रिंट फिकी निघणार, कारण धुताना बराच रंग जातो, जास्त झालंय असं वाटेपर्यंत ठेवावं लागतं.

वेळ किती, तर उन्हावर आहे, काही मिनिटांपासून वीसेक मिनिटांपर्यंत काहीही, म्हणून टेस्ट स्ट्रिप करा. आणि ती २, ४, ६, ८ मिनिटं अशी नका करू, दुपटीत करा. सगळी पट्टी २ मिनिटं उन्हात, मग पुठ्ठ्यानं पहिला भाग झाका, अजून २ मिनिटं, दुसरा झाका, अजून ४, तिसरा झाका, अजून ८. झाले २, ४, ८ आणि १६, प्रत्येक पायरीत एक स्टॉप. ६ आणि ८ मधला फरक डोळ्याला जेमतेम कळतो, ८ आणि १६ मधला लगेच. धुऊन पूर्ण वाळल्यावर बघायचं, ओल्या पट्टीवर निर्णय घ्यायचा नाही, वाळल्यावर रंग बदलतो.

यावर पुढचे थर चढवताना एकच गोष्ट सांभाळा, प्रशियन ब्लूला अल्कली चालत नाही. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात तो पिवळा पडून उडून जातो, साबणानं फिका होतो, टिकाऊपणासाठी खडूची पूड घातलेल्या कागदावरही हळूहळू मरतो. पण हेच शस्त्र म्हणून वापरता येतं! सोड्याच्या पाण्यात ब्रश बुडवून निळ्यात पिवळ्या रेघा काढा, नंतर चहासारख्या टॅनिनच्या पाण्यात बुडवलं की त्या रेघा तपकिरी-काळ्या होतात, त्यावर जलरंग, दोरा, कोलाज, काय हवं ते. फक्त कागद धुण्यात आकुंचन पावतो, म्हणून दुसरा थर सायनोटाइपचाच करणार असाल तर कागद आधीच एकदा भिजवून वाळवून घ्या, नाहीतर निगेटिव्ह जुळत नाही.

आता तयार चित्राचा फोटो. मॅट कागदावर सगळ्यात पांढरं आणि सगळ्यात काळं यांत साधारण पाच स्टॉपचाच फरक असतो आणि साधा कॅमेराही त्याच्या दुप्पट सामावतो, म्हणजे कागद आणि शाई एकाच फोटोत आरामात बसतात. खरी गडबड होते ती असमान उजेडानं. दिवा जवळच्या कडेपासून १ मीटरवर आणि लांबच्या कडेपासून २ मीटरवर असेल तर लांबच्या कडेला एक चतुर्थांश प्रकाश, पूर्ण दोन स्टॉप कमी. तोच दिवा मागे नेऊन अंतरं ३ आणि ४ मीटर केली तर फरक एका स्टॉपच्याही आत येतो. दोन सारखे दिवे दोन्ही बाजूंना ४५ अंशांत लावले तर उरलेलं एकमेकांना भरून काढतात. खात्रीसाठी चित्राच्या जागी कोरा पांढरा कागद लावून एक फोटो घ्या, हिस्टोग्रामवर (फोटोत किती पिक्सेल किती उजळ आहेत त्याचा आलेख) एकच अरुंद उंचवटा उजव्या कडेच्या अलीकडे दिसायला हवा, पसरट दिसला तर दिवे हलवा.

राहिला वर्ख. चकाकी घालवायला दिव्यांवर पोलरायझर (एकाच दिशेत कंप पावणारा, म्हणजे पोलराइज्ड, प्रकाश जाऊ देणारा फिल्टर) आणि लेन्सवर आडवा फिरवलेला पोलरायझर लावतात, वार्निश आणि ओल्या शाईवर तो सुंदर काम करतो, पण धातूवर तो उलट करतो, धातूवरून परतलेला प्रकाश तसाच पोलराइज्ड राहतो आणि लेन्सवरचा फिल्टर तो जवळजवळ सगळा अडवतो, मग सोनं काळं येतं. म्हणून वर्खाच्या कामाला मी म्हणेन की लेन्सचा पोलरायझर थोडा कमी फिरवा, सोनं उजळायला लागेल तिथं थांबा, आणि ट्रायपॉड न हलवता दोन फोटो घ्या, एक कागदासाठी आणि एक दोन स्टॉप कमी करून वर्खासाठी, मग दुसऱ्यातला फक्त वर्ख घेऊन पहिल्यावर बसवा.