कोर्टाची पायरी: चळवळींच्या अभ्यासाची पार्श्वभूमी

पर्यावरण चळवळींवर हयात घालवणारे राज्यशास्त्राचे अभ्यासक आज अनेक विद्यापीठांत सापडतात. १९८० पर्यंत ते विरळाच होते. विषयाचे लक्ष पक्ष, निवडणुका आणि जात यांवर. १९२१ चा मुळशी सत्याग्रह इतिहासकारांच्या वाट्याला गेला, १९७३ चे चिपको बरेचसे समाजशास्त्राच्या. पक्षांबाहेरचे राजकारण हेही राजकारणच, हे आणीबाणीनंतर हळूहळू मान्य झाले आणि त्या पिढीतल्या अनेकांची पावले नर्मदेच्या खोऱ्याकडे वळली.

तिथल्या एका निर्णयावर अभ्यासकांचे अजून एकमत नाही. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाविरुद्ध लढणाऱ्या नर्मदा बचाव आंदोलनाने १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जायला हवे होते का?

त्याआधीची दोन वर्षे आंदोलनाच्या बाजूने गेली होती. धरणासाठी ४५ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर करणाऱ्या जागतिक बँकेनेच नेमलेल्या स्वतंत्र समितीने १९९२ मध्ये पुनर्वसनावर कडक ताशेरे ओढले. मार्च १९९३ मध्ये केंद्राने उरलेले कर्ज नाकारले. पण धरणाच्या बांधाचे काम थांबले नाही. बुडीत क्षेत्रातल्या मणिबेली गावात पाणी घरांपर्यंत आले होते. ‘कोई नहीं हटेगा, बाँध नहीं बनेगा’ म्हणणाऱ्यांपुढे पर्याय फारसे नव्हते.

न्यायालयाने १९९५ मध्ये बांधाची उंची ८०.३ मीटरवर रोखली. जवळपास चार वर्षे काम तिथेच थांबले. फेब्रुवारी १९९९ मध्ये ८५ मीटरपर्यंत मुभा मिळाली. १८ ऑक्टोबर २००० रोजी दोन विरुद्ध एक असा निकाल लागला: ९० मीटरपर्यंत लगेच बांधा, पुढे पुनर्वसनाची खातरजमा करत टप्प्याटप्प्याने. आंदोलन उशिरा आले, असाही ठपका बहुमताने ठेवला. तिसऱ्या न्यायमूर्तींचे म्हणणे होते की पर्यावरण मंजुरी नव्याने तपासली जाईपर्यंत काम थांबवावे.

इथून दोन तट पडले. एकाचे म्हणणे असे की कोर्टात गेल्याने ‘धरण हवे का’ हा प्रश्न मागे पडला आणि ‘किती मीटर, किती कुटुंबे’ एवढाच उरला. दुसरा तट म्हणतो, चार वर्षांची स्थगिती कोणत्याही मोर्च्याने मिळाली नसती. पहिल्या मताला मोठा आवाज मिळाला, कारण पराभवाची गोष्ट नीट मांडता येते. माझ्या मते ती अपुरी आहे.

नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांकडे पाहा. महाराष्ट्रातली बुडीत क्षेत्रातली ३३ गावे याच दोन तालुक्यांतली. अक्राणीतल्या कित्येक पाड्यांची मोजणीच झालेली नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या नागली, ज्वारी पिकवणाऱ्याकडे सातबारा नाही, म्हणून सरकारी कागदावर तो अतिक्रमणधारक. १९७९ च्या नर्मदा पाणीतंटा लवादाने जमिनीच्या बदल्यात किमान दोन हेक्टर जमीन ठरवली होती, पण ती मिळणार कागदावरच्या खातेदाराला. उंचीचा प्रत्येक टप्पा पुनर्वसनाशी बांधला गेल्यावर बाधित म्हणून ‘घोषित’ कोण आणि ‘अघोषित’ कोण, वयस्क मुलगा वेगळे कुटुंब धरायचा की नाही, यावर गावोगावी झगडा झाला. ज्यांची नावे यादीत चढली ती या झगड्यातून. फक्त बांधाची उंची मोजणाऱ्या अभ्यासाला हे दिसत नाही, आणि याची मला मनापासून खंत वाटते.

पुढची पंधरा वर्षे अभ्यासकांना ग्रामसभेकडे घेऊन गेली. २००६ मध्ये वनहक्क कायदा आला. २००९ मध्ये गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. २००८ मध्ये रायगडमधल्या पेण तालुक्यात विशेष आर्थिक क्षेत्रासाठीच्या भूसंपादनावर शेतकऱ्यांचा कौल घेतला गेला. २०१३ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने ओडिशातल्या नियमगिरी डोंगरातल्या खाणीचा प्रश्न ग्रामसभांपुढे पाठवला आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी खाण नाकारली. ‘कोर्ट म्हणजे सापळा’ म्हणणाऱ्यांना आपली मांडणी त्यानंतर तपासून पाहावी लागली. त्याच काळात पश्चिम घाटावरच्या गाडगीळ आणि कस्तुरीरंगन या दोन अहवालांनी कोकणात उलटे चित्र दाखवले: संवर्धनाच्या शिफारशींनाच गावांचा विरोध. त्यावरचे काम अजून कोवळे आहे.

बांध २००६ मध्ये १२१.९२ मीटरवर गेला. २०१४ मध्ये १३८.६८ मीटरची परवानगी मिळाली आणि २०१९ मध्ये जलाशय प्रथमच काठोकाठ भरला. मध्य प्रदेशच्या निमाड भागातल्या अनेक कुटुंबांचे पुनर्वसनाचे दावे तेव्हाही निकाली निघालेले नव्हते. त्यामुळे २००० च्या निकालाशी थांबणारा कोणताही प्रबंध अर्धाच राहतो.