पाठ जुळणं आणि चूक जुळणं

नकलेवरून नक्कल होत गेलेल्या पोथ्यांचं कूळ शोधायला हल्ली उत्क्रांतीशास्त्रातली वंशवृक्षाची पद्धत वापरतात. १९९८ मध्ये जुना इंग्रज कवी चॉसर याच्या ‘कँटरबरी टेल्स’मधल्या एका भागाच्या ५८ हस्तलिखितांवर ती लावली गेली. पाठ म्हणजे पोथीतला मजकूर; एकाच ग्रंथाच्या दोन नकलांत तो वेगळा पडला की पाठभेद, हे पोथ्या हाताळणाऱ्यांना सांगायला नको. पण दोन पोथ्या शेजारी ठेवायच्या, बहुतेक शब्द जुळले की ‘या सख्ख्या बहिणी’ म्हणून मोकळं व्हायचं, हे ऐकलं की माझं डोकं फिरतं.

औदुंबरला कृष्णाकाठी ऊन खात पडलेली मगर घ्या. शेजारी घोरपड. चार पाय, लांब शेपूट, खवले, जुळलंच की! पण आज हयात असलेल्या प्राण्यांत मगरीचे सगळ्यांत जवळचे नातलग पक्षी आहेत. पाय, शेपूट, खवले फार जुन्या पूर्वजाकडून आलेले, त्यांवरून कोण कुणाजवळचं हे ठरत नाही. ठरतं ते मागाहून आलेल्या बदलावरून: मगरीच्या आणि पक्ष्याच्या हृदयाला चार कप्पे, घोरपडीच्या तीन.

पोथीत असा बदल म्हणजे चूक. बरोबर शब्द सगळ्या पोथ्यांत सारखा असेल, तर तो मुळातलाच. त्याचा नात्याला काडीचा उपयोग नाही.

चूकही कुठलीही चालत नाही. ‘धनाची आस’चं ‘घनाची’, म्हणजे ढगाची, ‘आस’ कुणीही करेल. दुष्काळी जत-आटपाडीच्या लेखनिकाला तर तेच खरं वाटेल. ओवीच्या पहिल्या तीन चरणांना एकच यमक, त्यामुळे नजर घसरून मधला चरण गळणंही कुणाच्याही हातून होतं. असल्या चुका दोघांनी आपापल्या केलेल्या असू शकतात.

मला आवडते ती पानांची चूक. पोथीची पानं सुटी. कुणीतरी दोन पानं उलटसुलट लावून रुमाल बांधला, पुढच्याने तशीच उतरून काढली. नव्या पोथीत तो सांधा पानाच्या ऐन मध्यात येतो, पानं हलवून दुरुस्त होत नाही. दोन पोथ्यांत नेमकी हीच उलटापालट दिसली, तर मी बाकीचे शब्द मोजतही बसत नाही.

पंचाईत होते ती शहाण्या लेखनिकामुळे. तो दोन पोथ्या समोर ठेवतो, पटेल तो पाठ उचलतो. जिवाणूही एकमेकांची जनुकं अशीच उचलतात. अशी पोथी एकाच फांदीवर टांगली की झाड खोटं झालं.