पेकालोंगान शहर पेकालोंगान जिल्ह्यात नाही

बाटिकमुळे पेकालोंगान हे नाव आपल्याकडेही बऱ्याच जणांच्या कानावर असतं. इंडोनेशियातल्या जावा बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर, जकार्ताहून सेमारांगला जाणाऱ्या रेल्वेवरचं शहर. मेणाने नक्षी काढून रंगवलेलं, उठावदार रंगांचं, फुलापाखरांचं कापड. २०१४ पासून युनेस्कोच्या सर्जनशील शहरांच्या यादीत नाव. एवढं ज्यांना ठाऊक आहे त्यांना शहराबद्दल मी फार काही नवं सांगणार नाही.

घोळ होतो तो पुढच्या वाक्यात. ‘पेकालोंगान हा मध्य जावा प्रांतातला किनारी जिल्हा असून पेकालोंगान हे त्याचं मुख्य ठिकाण आहे.’ हे वाक्य प्रवासवर्णनांत, कापडाच्या लेखांत, स्पर्धा परीक्षांच्या टिपणांत इतक्यांदा वाचलंय की आता चीड येण्याऐवजी कंटाळाच येतो. अर्धं वाक्य खरं, अर्धं साफ चूक. जिल्ह्याचं मुख्य ठिकाण काजेन. ते शहरापासून साधारण २५ किलोमीटर दक्षिणेला, डोंगराच्या पायथ्याशी आहे. आणि पेकालोंगान शहर त्या जिल्ह्याचा भागच नाही.

आपली गल्लत का होते ते उघड आहे. आपल्याकडे पुणे महापालिका कितीही मोठी झाली तरी पुणे जिल्ह्याच्या पोटात असते. नकाशावर जिल्हा दिसला की त्याच नावाचं गाव आपण त्यात टाकून मोकळे होतो. इंडोनेशियात प्रांताच्या खाली दोन प्रकारचे विभाग असतात, काबुपातेन आणि कोता, आणि दोघांची पायरी एकच. काबुपातेन म्हणजे ढोबळमानाने जिल्हा, त्याचा प्रमुख बुपाती. कोता म्हणजे शहर, त्याचा प्रमुख वालीकोता. दोघेही लोकांनी थेट निवडून दिलेले. दोघांची विधिमंडळं वेगळी, अंदाजपत्रकं वेगळी. वालीकोता बुपातीच्या हाताखाली नसतो, बुपातीचा हुकूम शहराच्या वेशीवर संपतो. दोघांच्या वर थेट प्रांताचा गव्हर्नर, आणि तो बसतो सेमारांगला.

सरकारी क्रमांक बघितले तरी हे कळतं. मध्य जावाचा क्रमांक ३३. पेकालोंगान जिल्हा ३३.२६, पेकालोंगान शहर ३३.७५. प्रांतातल्या शहरांचे आकडे ७१ पासून सुरू होतात, जिल्ह्यांचे ०१ पासून. इंडोनेशियाचा कुठलाही तक्ता हाती आला की आधी हा आकडा बघावा, नाव नंतर. ज्या तक्त्यात क्रमांक नाही आणि ‘शहर’ की ‘जिल्हा’ तेही लिहिलेलं नाही, त्यावर मी तरी विसंबत नाही.

कारण नुकसान आकड्यांतच होतं. २०२० च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ९ लाख ६९ हजार, शहराची सुमारे ३ लाख ७ हजार. जिल्ह्याचं क्षेत्रफळ साधारण ८३७ चौरस किलोमीटर, शहराचं जेमतेम ४५. आता जिल्ह्याची माणसं घेऊन शहराच्या क्षेत्रफळाने भागा, एका चौरस किलोमीटरमध्ये साडेएकवीस हजार येतात! प्रत्यक्षात शहरात सात हजारांच्या आत आहेत आणि जिल्ह्यात बाराशेच्या आत. हा भागाकार माणसं खरंच करतात, आणि वर ‘जावातली भयाण गर्दी’ असा मथळाही देतात.

घोळाला इतिहासाचा हातभार आहे, हे मान्य. डच अमदानीत, १९०६ साली, शहराला स्वतंत्र नगरपालिका मिळाली. शहर आपला वाढदिवस १ एप्रिल १९०६ पासून मोजतं, जिल्हा २५ ऑगस्ट १६२२ पासून. तरीही जिल्ह्याचं कामकाज पुढची कित्येक दशकं शहरातूनच चाललं. म्हणजे बुपाती बसायचा दुसऱ्याच्या हद्दीत. काजेनला बिऱ्हाड हललं ते २००१ मध्ये. त्याआधीच्या पुस्तकात ‘जिल्ह्याची कचेरी पेकालोंगानला’ असं असेल तर ते तेव्हापुरतं बरोबर. आज तेच उतरवून काढणाऱ्यांना मात्र सूट नाही. जुने आकडे वापरणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. शेजारचा बातांग जिल्हा १९३६ ते १९६६ पेकालोंगान जिल्ह्यात विलीन होता. आणि १९८८ मध्ये शहराची हद्द वाढली, तेव्हा आसपासच्या दोन्ही जिल्ह्यांतली गावं शहरात गेली.

भूगोलाचा फरक सांगायला फार वेळ लागत नाही. शहर सपाट, उत्तरेला जावा समुद्र, पूर्वेला बातांग, बाकी पेकालोंगान जिल्हा. मासेमारीचं मोठं बंदर आणि मुख्य रेल्वे स्टेशन शहरात. जिल्ह्यालाही किनारा आहे (सिवालान, वोनोकेर्तो, तिर्तो हे तालुके), पण तो दक्षिणेला चढत चढत दिएंगच्या डोंगरांपर्यंत जातो. पेतुंगक्रियोनोचं जंगल, तिथली कॉफी आणि जावाचे गिबन जिल्ह्याचे. जानेवारी २०२५ मध्ये तिथे दरड कोसळून वीसहून अधिक माणसं गेली, तेव्हा काही बातम्यांनी सोबत किनाऱ्यावरच्या शहराचा नकाशा जोडला होता. उलट समुद्राचं पाणी हद्द पाळत नाही. भरतीचं पाणी वस्तीत शिरतं, त्याला तिथे ‘रोब’ म्हणतात. शहराचा उत्तर भाग आणि वोनोकेर्तो दोन्ही त्यात बुडतात. एकीकडे समुद्र वर येतोय, दुसरीकडे भूजलाच्या उपशाने जमीनच खचतेय.

आता बाटिक. इथे मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण सगळं श्रेय शहर घेऊन जातं. संग्रहालय शहरात आहे, २००६ साली उघडलेलं, उत्तम आहे. क्राप्याक मोहल्ल्याशी जोडलेला ‘जलांप्रांग’ हा नमुनाही शहराचा. गोल, चांदणीसारखी भौमितिक नक्षी, आणि ती आली गुजरातच्या पटोळ्यांवरून. व्यापारातून जावात पोचलेल्या त्या रेशमाची विणीतली नक्षी इथल्या लोकांनी मेणाने कापडावर उतरवली. पण पेकालोंगानचं सर्वांत नाजूक, संग्राहक जिवापाड जपतात ते काम कुठलं? ओए सू च्युन यांच्या कारखान्यातलं. १९२५ साली सुरू झालेला हा कारखाना केदुंगवुनीला, म्हणजे जिल्ह्यात. फुलांच्या गुच्छातल्या एकेका पाकळीवर ठिपक्यांनी छटा दिलेली, मेण कापडाच्या दोन्ही बाजूंनी लावलेलं, त्यामुळे सुलटं कुठलं नि उलटं कुठलं ते सांगता येत नाही. अशा कापडाखाली ‘पेकालोंगान शहर’ अशी चिठ्ठी लावणं मला तरी सहन होत नाही. बुआरान आणि विरादेसा ही बाटिकची गावंही जिल्ह्यातलीच.

खाण्यात मात्र हद्द शोधू नये. ‘मेगोनो’ दोन्हीकडे तोच. कोवळा फणस बारीक चिरून, खवलेला नारळ आणि मसाला घालून वाफवलेला, गरम भातावर. कोकणातल्या कुयरीच्या भाजीवर वाढलेल्या माणसाला तो पहिल्या घासात घरचा वाटेल.

हे दुहेरी नावांचं प्रकरण पेकालोंगानपुरतं नाही. तेगाल, मागेलांग, सेमारांग यांचीही तीच तऱ्हा. तेगाल जिल्ह्याचं ठाणं स्लावीला, मागेलांगचं मुंगकिदला, सेमारांगचं उंगारानला. बोरोबुदूर मागेलांग जिल्ह्यात आहे, मागेलांग शहरात नाही.

आणि तिसरं पेकालोंगानही आहे, डचांची रेसिडेन्सी, म्हणजे अनेक जिल्ह्यांचा मिळून एक प्रशासकीय विभाग. पश्चिमेच्या ब्रेबेसपासून पूर्वेच्या बातांगपर्यंतचा पट्टा. १९४५ च्या अखेरीस इथे झालेला ‘तीन प्रदेशांचा’ उठाव पेकालोंगानच्या नावावर सांगितला जातो, तो या अर्थाने, कारण ते तीन प्रदेश ब्रेबेस, तेगाल आणि पेमालांग. रेसिडेन्सी कधीच गेली, पण गाड्यांच्या पाट्यांवर ती अजून आहे. या पट्ट्यातल्या पाच जिल्ह्यांच्या आणि दोन शहरांच्या गाड्यांचा नंबर ‘जी’ या एकाच अक्षराने सुरू होतो. तेव्हा नुसता ‘जी’ बघून गाडी पेकालोंगानची म्हणू नका, ती ब्रेबेसचीही असेल.