दुधाच्या टँकरवर तांबूस ठिपके? स्टील नकली नाही

नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक भागातल्या रस्त्यांवर धावणाऱ्या स्टीलच्या टँकरवर तांबूस ठिपके दिसले की सल्ला ठरलेला: ‘स्टील नकली, तारेच्या घासणीने खरडा.’ दोन्ही चूक. हे टँकर स्टेनलेस स्टीलचे, आणि त्यात किमान १०.५ टक्के क्रोमियम हा धातू असतो. त्याच्या ऑक्साइडचा अदृश्य थर स्टीलला राखतो. ठिपके बहुधा बाहेरच्या लोखंडाचे असतात, ग्राइंडिंगची धूळ नाहीतर ब्रेकचा भुगा. लोखंडी तारेची घासणी त्यात आणखी लोखंड चोळते, म्हणून ठिपके परततात! फरशीचं ॲसिड तर कृपा करून लावूच नका. त्यातलं क्लोराइड तो थरच फोडतं. साबणपाणी आणि मऊ फडकं पुरतं, चिवट ठिपक्यांना लिंबूसत्वाचं पाणी. पुसायचं पॉलिशच्या रेघांच्या दिशेने. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग क्षारांचे. धुतल्यावर लगेच कोरडं केलं तर पडतच नाहीत.