डब्यापेक्षा पुडी बघा

घरी बिअर करतो असं कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला, "अरे, डोळे-बिळे जात नाहीत ना याने?" आणि त्याच दमात दुसरा, "स्वस्तातलं एखादं सोपं किट सांग ना." म्हणजे आंधळं व्हायची भीती आहे, पण स्वस्तात होत असेल तर विचार करू. दोन्हीची उत्तरं एकदाच लिहून टाकतो.

डोळ्यांचं आधी. डोळे घालवतं ते मिथेनॉल. आपलं यकृत त्याचं आधी फॉर्माल्डिहाइड करतं, मग फॉर्मिक ॲसिड, आणि हे ॲसिड पेशींच्या श्वसनातलं एक एन्झाइम अडवून धरतं, त्याचा मोठा फटका डोळ्याच्या नसेला बसतो. पण यीस्ट साखरेपासून मिथेनॉल करतच नाही. ते येतं पेक्टिनमधून, म्हणजे फळांच्या सालीत-गरात जो चिकट पदार्थ असतो त्यातून, आणि बार्लीत पेक्टिन असतं नावापुरतं. विषारी दारूच्या ज्या बातम्या आपण वाचतो त्यात बहुतेक वेळा कुणीतरी कारखान्यातलं मिथेनॉल दारूत मिसळलेलं असतं, त्याचा आंबवण्याशी संबंध नाही. मात्र आंबवलेली बिअर उकळून तिचा अर्क काढायचे उद्योग करू नका, बहुतेक ठिकाणी ते बेकायदा आहे आणि अल्कोहोलच्या वाफेने घर पेटू शकतं. साधी बिअर करायलासुद्धा कुठे परवानगी आहे, कुठे नाही, वयाची अट आहे, तो कायदा आधी बघून घ्या.

आता किट. किटमध्ये नेमकं काय असतं हे कळलं की निवड निम्मी सोपी होते. बार्ली भिजवून मोड आणतात आणि वाळवतात, हे झालं माल्ट. मोड येताना दाण्यात स्टार्च फोडणारी एन्झाइमं तयार होतात, म्हणून असं माल्ट भरडून ६५ अंशांच्या आसपासच्या पाण्यात तासभर ठेवलं की स्टार्चची माल्टोज साखर होते. ते गोड पाणी हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलांबरोबर उकळायचं, उकळताना हॉप्समधली अल्फा आम्लं रूप बदलतात आणि बिअरचा तो कडवटपणा येतो. साध्या किटमध्ये ही सगळी कटकट कारखान्याने उरकलेली असते, मग कमी दाबाखाली पाणी उडवून तो घट्ट पाक, म्हणजे माल्ट एक्स्ट्रॅक्ट, डब्यात भरतात. त्यांनी पाणी काढलं, तुम्ही परत घालायचं.

त्यामुळे नवख्याने घ्यायचं ते हेच, हॉप्स घातलेल्या माल्ट एक्स्ट्रॅक्टचं किट. काचेच्या छोट्या बरणीतलं चार-पाच लिटरचं गोंडस किट दिसतं ना, त्यात पुष्कळदा भरडलेलं माल्ट असतं, म्हणजे ६५ अंश सांभाळणं, गाळणं, उकळणं, थंड करणं सगळं तुमच्या गळ्यात. छोटं म्हणजे सोपं नाही.

एक्स्ट्रॅक्टच्या किटातही दोन जाती. एकात साधारण पावणेदोन किलोचा एकच डबा असतो आणि वर "एक किलो साखर घाला" लिहिलेलं असतं, त्यात २३ लिटर होते. दुसऱ्यात तीन किलोच्या आसपास एक्स्ट्रॅक्ट असतं आणि साखर लागत नाही. पहिल्याचा हिशोब करून बघा. साखर यीस्ट पूर्ण फस्त करतं आणि एक्स्ट्रॅक्टमधला बराच भाग त्याला पचत नाही, म्हणजे तयार बिअरमधलं जवळजवळ अर्धं अल्कोहोल त्या किलोभर साखरेतून आलेलं असतं. अल्कोहोल येतं, चवीला जाडी येत नाही, पाणचट लागते. साखर अर्धा किलो आणि अर्धा किलो कोरडं माल्ट एक्स्ट्रॅक्ट घातलं तर स्वस्त डबासुद्धा चांगला सुधारतो. डब्याची तारीख मात्र बघाच, जुना एक्स्ट्रॅक्ट पडून पडून काळपट होतो (पाव भाजताना जी रासायनिक क्रिया होते तीच, फक्त संथ) आणि एक शिळकट चव धरतो. फुगलेला डबा तर फुकट मिळाला तरी नको.

हे झालं डब्याचं. पण माझा सगळा जीव आहे तो झाकणाखाली चिकटवलेल्या पुडीत.

त्या पुडीतलं यीस्ट दारू का करतं? शाळेत शिकवतात, ऑक्सिजन नसला की यीस्ट साखरेचं अल्कोहोल करतं. पण अल्कोहोल करून त्याला मिळतं काय? खरं तर काहीच नाही. एका ग्लुकोजचे तुकडे करून पेशी दोन पायरुव्हेट बनवते आणि तिला ऊर्जेच्या दोन नोटा मिळतात, एटीपीच्या. तिचा मतलब इथेच संपला. भानगड अशी की हे करताना ग्लुकोजमधून इलेक्ट्रॉन निघतात आणि ते उचलायला पेशीकडे एनएडी नावाची घमेली आहेत, मोजकीच. बांधकामावर बघा, घमेलं भरलं की ते कुठेतरी रिकामं करून परत आणावं लागतं, नाहीतर खणणारा माणूस फावडं धरून नुसता उभा. पेशीचं तेच, भरलेली घमेली रिकामी झाली नाहीत तर काही क्षणांत सगळं काम ठप्प. मग पेशी पायरुव्हेटमधून कार्बन डायऑक्साइड काढून टाकते, उरतं ॲसिटाल्डिहाइड, आणि घमेल्यातले इलेक्ट्रॉन त्याच्यावर ओतते. ओतलं की ॲसिटाल्डिहाइडचं होतं इथेनॉल. म्हणजे आपण जी दारू पितो ती यीस्टच्या लेखी राडारोडा टाकायची जागा आहे! १८० ग्रॅम ग्लुकोजमधून ९२ ग्रॅम इथेनॉल आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, हिशोब बरोबर जुळतो.

आणि हे करायला अख्खी जिवंत पेशीसुद्धा लागत नाही, नुसती एन्झाइमं पुरतात. १८९७ मध्ये एडुआर्ड बुखनर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने यीस्ट चिरडून रस काढला, तो टिकावा म्हणून त्यात साखर घातली आणि त्या मेलेल्या रसाला बुडबुडे यायला लागले. पाश्चरचं म्हणणं होतं की जिवंत पेशीशिवाय आंबणं नाही, ते तिथे पडलं. बुखनरला १९०७ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

आता शाळेतलं वाक्य थोडं मोडतो. बिअरच्या यीस्टला भरपूर साखर दिली तर ऑक्सिजन असतानासुद्धा ते अल्कोहोलच करत बसतं, याला क्रॅबट्री परिणाम म्हणतात. श्वसनाने त्याच ग्लुकोजमधून कितीतरी जास्त ऊर्जा मिळाली असती, पण यीस्टला घाई असते, शेजारच्या जंतूंनी खायच्या आत साखर उडवायची आणि वर अल्कोहोलने शेजाऱ्यांना झिंगवून मारायचं. मग ऑक्सिजन कशाला लागतो? पेशीच्या कातडीसाठी. पेशीच्या पटलात एर्गोस्टेरॉल लागतं (आपल्या कोलेस्टेरॉलसारखं एक स्टेरॉल), ते स्क्वालीन नावाच्या तेलकट पदार्थापासून बनतं आणि त्या वाटेवरच्या एका पायरीला ऑक्सिजनचा रेणू लागतोच लागतो. ऑक्सिजन संपल्यावर पेशी विभागत गेली की असलेलं स्टेरॉल नव्या पेशींमध्ये वाटलं जातं, दर विभाजनाला निम्मं निम्मं, शेवटी पटल इतकं कमकुवत होतं की अल्कोहोल सोसत नाही आणि आंबणं मध्येच अडकतं.

पुडीचं कौतुक आता कळेल. कोरडं यीस्ट बनवणारे कारखाने भरपूर हवा सोडतात आणि मळी थेंबथेंब घालतात, साखर कधीच जास्त होऊ देत नाहीत. का? क्रॅबट्रीला चकवायला! साखर कमी ठेवली की यीस्ट दारू न करता श्वसन करतं, धडाधड वाढतं आणि स्टेरॉल भरून घेतं. म्हणजे पुडीतली प्रत्येक पेशी शिदोरी बांधून आलेली असते. फक्त ती जिवंत पाहिजे, आणि घोडं इथेच पेंड खातं. किटमधली पुडी बहुतेक वेळा पाच-सात ग्रॅमची असते, डब्याबरोबर गोदामात, ट्रकमध्ये, उन्हात फिरून आलेली, तेवढ्यावर २३ लिटर ओढायचे. पेशी कमी पडल्या की जास्त वेळा विभागाव्या लागतात आणि शिदोरी संपते. म्हणून माझा सल्ला, किट सगळ्यात साधं घ्या आणि वाचलेल्या पैशात एल यीस्टची (खोलीच्या तापमानाला आंबणाऱ्या बिअरचं यीस्ट) ११ ग्रॅमची ताजी पुडी वेगळी घ्या, फ्रीजमध्ये ठेवलेली. डब्यावर "लागर" (थंडीत आंबवायची बिअर) असं लिहिलंय म्हणून भुलू नका, बऱ्याच अशा डब्यांखाली एलचंच यीस्ट असतं, आणि ते बरंच आहे, कारण खऱ्या लागरला १० अंशांच्या आसपास थंडावा लागतो.

एलला १८ ते २२ अंश. जास्त गरम झालं की उग्र वासाची जड अल्कोहोलं येतात, केळ्यासारखा वास वाढतो. यीस्ट स्वतःही उष्णता सोडतं, आतला रस खोलीपेक्षा दोन-चार अंश वर जातो, म्हणून बादली पाण्याच्या टबात उभी करून वर ओलं फडकं गुंडाळा, हे सगळ्यात स्वस्त यंत्र. खोली कायमच गरम असेल तर क्वाइक घ्या, नॉर्वेतल्या शेतकऱ्यांनी सांभाळलेलं यीस्ट, ते ३०-३५ अंशांतही छान काम करतं.

"सात दिवसांत बिअर" वाल्या जाहिरातींना हसून सोडून द्या. साखर सात दिवसांत संपेलही, पण मघाचं ॲसिटाल्डिहाइड (कच्च्या सफरचंदासारखं लागतं) आणि लोण्याच्या वासाचं डायअसेटिल यीस्ट नंतर सावकाश परत गिळतं, त्याला अजून आठवडा द्या, शिवाय बाटलीत फेस तयार व्हायला दोन आठवडे. भारीतलं "ऊर्जा भरलेलं" पाणीही लागत नाही. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने मात्र औषधी पट्टीसारखा वास येतो, त्याला मेटाबायसल्फाइट नावाची चिमूटभर पूड पुरते. आणि बॅच आंबट झाली की "कुणाची तरी नजर लागली" म्हणणारेही भेटलेत मला. नजर नाही हो, बादलीच्या तोटीच्या चकतीमागे लॅक्टोबॅसिलस (दही लावतात त्या जातीचे जंतू) लागलंय, तोटी खोलून धुवा. बादली तारेच्या घासणीने घासू नका, प्रत्येक ओरखडा म्हणजे जंतूंची खोली.

स्वस्त किटमध्ये एक वस्तू हमखास गाळलेली असते, हायड्रोमीटर, म्हणजे रस पाण्याच्या किती पट जड आहे ते दाखवणारी तरंगती नळी. तो वेगळा घ्याच. माझ्या पहिल्या खेपेला एअरलॉकमधून (झाकणावरची पाण्याची झडप, गॅस बाहेर सोडते, हवा आत घेत नाही) एकही बुडबुडा आला नाही, चार दिवस त्याच्यासमोर बसून काढले आणि पाचव्या दिवशी सगळी बादली मोरीत ओतली. ओतताना वास आला, अरे ही तर बिअर झालीय! झाकणाच्या कडेतून गॅस निसटत होता, बस. तेवीस लिटरमधून साडेतीनशे-चारशे लिटर गॅस निघतो, त्याला बाहेर पडायला कुठलीही फट चालते. बुडबुडे बघू नका, आकडा बघा. सुरुवातीला १.०४० आणि शेवटी १.०१० आला तर फरकाला १३१ ने गुणा, साधारण ३.९ टक्के अल्कोहोल. दोन-तीन दिवस आकडा हलला नाही की काम संपलं.

आणि तो हलायचा थांबल्याशिवाय बाटल्या भरायच्या नाहीत. फेसासाठी लिटरला सहा ग्रॅम साखर घालतात, त्यातून तीन ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होतो आणि खोलीच्या तापमानाला बाटलीत जवळपास गाडीच्या टायरएवढा दाब येतो. आकडा १.०१० ऐवजी १.०१६ असताना घाई केलीत तर बाटलीत हाच दाब अडीचपटीच्या वर जातो, आणि काच तेवढ्यासाठी बनवलेली नसते. पहिल्या वेळी सोड्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या वापरा, दाबून बघितलं की कळतं किती फुगलंय, फक्त उजेडात ठेवू नका, उजेडाने हॉप्सचा कडवटपणा मोडून स्कंक या प्राण्याच्या फवाऱ्यासारख्या घाणेरड्या वासाचं गंधकाचं संयुग तयार होतं.