बी समरी म्हणजे सी समरी नव्हे

मुलाच्या ताब्याच्या दाव्यातला पक्षकार समोर बसतो, पिशवीतून फाइल काढतो आणि पहिलंच वाक्य टाकतो, “वकीलसाहेब, मी मुलाची हेळसांड करतो ही तिची तक्रार खोटी ठरली. आता तिला आत टाकायचं.” (बायका नवऱ्याबद्दल हेच बोलतात, फक्त ‘तिची’च्या जागी ‘त्याची’ येतं.) मी कागद वाचतो. त्यावर ‘खोटी’ हा शब्द औषधालाही नसतो. तक्रार टिकली नाही, एवढंच त्यात असतं. टिकली नाही म्हणजे खोटी, हे समीकरण आपण परस्पर मांडून मोकळे होतो.

ताब्याचा दावा कसा चालतो, तारखा कशा पडतात, रविवारच्या भेटीनंतर मुलाला कुणी कुणाच्या दारात सोडायचं यावरून काय महाभारत होतं, हे तुम्हाला माहीत आहे असं धरतो. बालकल्याण समिती आणि कौटुंबिक न्यायालय यांचा गोंधळही एका वाक्यात मिटवू: मुलाला संरक्षणाची गरज आहे का, हे समिती बघते, मूल आईकडे राहणार की बापाकडे, हे न्यायालय ठरवतं. १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर फोन करून ताबा मिळत नाही.

आता मुद्दा. महाराष्ट्रात एफआयआरचा तपास संपूनही दोषारोपपत्र पाठवण्याजोगं काही हाती लागलं नाही, की पोलिस न्यायालयाकडे ‘समरी’ मागतात. ए समरी म्हणजे गुन्हा घडलाय, पण आरोपी सापडत नाही किंवा त्याच्याविरुद्ध पुरेसा पुरावा नाही. बी समरी म्हणजे फिर्याद दुष्टबुद्धीने केलेली आणि खोटी. सी समरी म्हणजे फिर्याद खरी नाही आणि खोटीही नाही. गैरसमजातून झालेली, किंवा मुळात दिवाणी स्वरूपाची. तिन्हींत प्रकरण बंदच होतं, म्हणून घरी सगळे एकच पेढा वाटतात. कायद्याच्या लेखी मात्र बी आणि सी यांच्यामध्ये अख्खी नदी आहे.

एक काल्पनिक प्रसंग घेऊ. सात वर्षांचा मुलगा आईकडे राहतो. दुपारी बापाकडची आजी व्हिडिओ कॉल करते, तर पोरगा घरात एकटा. सुनेचा फोन संध्याकाळपर्यंत लागत नाही. आजी पोलिस ठाण्यात जाऊन सांगते, “आई पोराला टाकून गेली.” तपासात निघतं की सून ऑफिसात होती, किल्ली शेजारच्या काकूंकडे होती आणि काकू दर तासाला डोकावत होत्या. फिर्यादीतली गोष्ट घडलीच नव्हती. तरीही ही सी समरी, कारण आजीला तसं खरंच वाटलं होतं.

आता याच प्रसंगात एक मेसेज घाला. सकाळी सुनेने आजीला कळवलंय, “आज फोन बंद असेल, दुपारी काकू बघतील,” आणि आजीने त्यावर अंगठा टाकलाय. फिर्याद शब्दशः तीच, ठाणं तेच, मूलही तितकाच वेळ एकटं. पण आता आजीला सगळं माहीत होतं. ही बी समरीकडे जाणारी केस. फिर्यादीतलं वाक्य खरं की खोटं यावर निकाल थांबत नाही; बोलणाऱ्याला ते खोटं असल्याचं ठाऊक होतं का, इथे तो लागतो. म्हणून ‘ती खोटं बोलते’ असं दहा पानं लिहून आणणाऱ्या पक्षकाराला मी त्या अंगठ्याबद्दल विचारतो. तो बहुतेकदा नसतो.

गंमत अशी की हेळसांडीचा कायदाही याच बिजागरीवर फिरतो. बालन्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७५ मध्ये शिक्षा आहे ती जाणूनबुजून केलेल्या दुर्लक्षाला: तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख दंड किंवा दोन्ही. डबा विसरला, गृहपाठ घेतला नाही, ताप शाळेतून कळला, याला हेळसांड म्हणत नाहीत. नुसत्या दुर्लक्षाच्या तक्रारीवर पोलिस बहुधा एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून मोकळे होतात. एफआयआर आणि पुढे समरी येते ती मारहाण, मूल टाकून देणं किंवा पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा) असं काही सोबत जोडलं तर.

पॉक्सोवरून माझी जुनी तिडीक आठवली. खोट्या तक्रारीचा विषय निघाला की कुणीतरी ‘कलम २२’ फेकतोच. ते कलम लैंगिक गुन्ह्यांच्या खोट्या तक्रारीसाठी आहे, त्यातही निव्वळ बदनामी, अपमान, धमकी किंवा खंडणी हाच हेतू असेल तर. जेवायला दिलं नाही या तक्रारीशी त्याचा संबंध नाही. तक्रार मुलानेच केली असेल तर त्याला शिक्षा नाही. आणि त्याच कायद्याचं कलम १९ सद्भावनेने कळवणाऱ्याला संरक्षण देतं, हे कुणी फेकत नाही. शाळेतल्या बाई आणि डॉक्टर मात्र विनाकारण घाबरून गप्प बसतात.

हेळसांडीच्या खोट्या तक्रारीला भारतीय न्याय संहिताच लावावी लागते. खोटी माहिती देऊन सरकारी नोकराला दुसऱ्यावर सोडलं तर कलम २१७: एक वर्षापर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. इजा करण्यासाठी, आधार नाही हे माहीत असून, गुन्ह्याचा खोटा आरोप केला तर कलम २४८: पाच वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, गंभीर गुन्ह्याच्या आरोपावर कारवाई सुरू झाली असेल तर दहा वर्षांपर्यंत. १ जुलै २०२४ च्या आधीच्या तक्रारीला जुन्या भारतीय दंड संहितेची १८२ आणि २११ हीच कलमं, आणि शिक्षा कमी.

पण २१७ ‘तुम्ही’ लावू शकत नाही. ज्या अधिकाऱ्याला फसवलं, त्याने किंवा त्याच्या वरिष्ठाने लेखी तक्रार करावी लागते. खोटेपणा न्यायालयातल्या कामकाजाशी जोडलेला असेल तर ती तक्रार न्यायालय करतं, आणि तेही न्यायहितासाठी गरज वाटली तरच. प्रत्येक थापेमागे धावायला न्यायालय बांधील नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये स्पष्ट केलंय. शिवाय बी समरी मागितली म्हणजे मिळाली असंही नाही. फिर्यादीला नोटीस जाते, तो हरकत घेतो आणि दंडाधिकारी पुढचा तपासही सांगू शकतात.

खटला चालून सुटका झाली, तरी निकालात ‘संशयाचा फायदा’ असेल तर तो सी समरीचाच चुलतभाऊ समजा. मात्र जोडीदाराने केलेली फौजदारी तक्रार खोटी ठरली, तर ती मानसिक क्रूरता, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये म्हटलंय. घटस्फोटाच्या अर्जात ते वापरता येतं. ताब्यात ते आपोआप चालत नाही. तिथे पाहतात मुलाचं हित, आणि खोटं बोललेली आईसुद्धा मुलाला वेळेवर जेवू घालत असू शकते. मूल समोरच्याविरुद्ध पढवलंय असं दिसलं तर गोष्ट वेगळी.

नुकसानभरपाईचा दावा हवा असेल, तर दुष्ट हेतू आणि वाजवी कारणाचा अभाव हे दोन्ही तुम्हालाच सिद्ध करायचं आहे. मुदत एक वर्ष, सुटका झाल्यापासून किंवा खटला संपल्यापासून. ते वर्ष बहुतेकांचं ‘आता तिला आत टाकतो’ हे नातेवाइकांना सांगण्यात निघून जातं.