'सदोष पूल' या शेऱ्यामागचा इतिहास

'सदोष पूल' म्हटले की ऐकणाऱ्याला वाटते, आज ना उद्या पडणार. मूळ शेऱ्याचा अर्थ तसा नाही. तो नेमका कशासाठी रुळला, हे कळायला अमेरिकेतल्या गेल्या साठ वर्षांत डोकवावे लागते.

१५ डिसेंबर १९६७ च्या संध्याकाळी, ऐन गर्दीत, ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज कोसळला. ४६ माणसे गेली. १९२८ चा हा पूल पोलादी पट्ट्यांच्या साखळीवर तोललेला होता आणि प्रत्येक कडीत पट्ट्या दोनच. त्यातल्या एकीच्या भोकाशी, खिळीच्या आड, सुमारे अडीच मिलिमीटर खोल भेग होती. सांधा सोडवल्याशिवाय ती दिसणारच नव्हती.

पुढच्या वर्षी पूल-तपासणीचा कायदा आला, १९७१ मध्ये मानके. साधारण दर दोन वर्षांनी तपासणी. स्लॅब, वरचा सांगाडा आणि खांब-पाया यांना ० ते ९ गुण. यातल्या एकालाही ४ किंवा कमी मिळाले की पूल 'संरचनात्मकदृष्ट्या सदोष'. 'कालबाह्य' हा शेरा वेगळा: रस्ता अरुंद, खालची उंची अपुरी वगैरे. असा पूल तब्येतीने ठणठणीत असू शकतो. तरी दोन्हींची बेरीज करून मोठा आकडा सांगण्याची सवय पुढे बरीच वर्षे टिकली.

खरा गुंता पैशाने केला. केंद्र सरकारच्या निधीसाठी दोनपैकी एक शेरा लागे, शिवाय १०० पैकी एकत्रित गुण घसरलेले लागत: ८० पर्यंत असतील तर दुरुस्तीला निधी, ५० च्या खाली गेले तर नव्या पुलाला. आता स्लॅबमधला एक गळका सांधा घ्या. त्याची रबरी पट्टी वेळेवर बदलली तर खालच्या गर्डरची, म्हणजे मुख्य तुळयांची, टोके आणि त्या ज्यावर टेकतात ते बेअरिंग कोरडे राहतात, आणि हा खर्च नव्या गर्डरच्या मानाने किरकोळ. पण असा जपलेला पूल निधीच्या रांगेत मागे पडे. नापास होणाऱ्यालाच शिष्यवृत्ती, असा हा प्रकार. १९९१ च्या कायद्याने संगणकीय पूल व्यवस्थापन सक्तीचे केले, म्हणजे कुठल्या पुलावर आज खर्च केला तर पुढची वीस-तीस वर्षे किती वाचतील, याचा हिशेब. १९९५ मध्ये सक्ती ऐच्छिक झाली. बऱ्याच राज्यांनी प्रणाली ठेवल्या खऱ्या, पण गुणांवरचा निधी २०१२ पर्यंत चालूच राहिला.

मधल्या काळात १९८७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातला स्कोहारी क्रीक या ओढ्यावरचा पूल पायाखालचा तळ धुपून पडला आणि पाण्याखालच्या तपासणीकडे लक्ष गेले.

१ ऑगस्ट २००७ रोजी मिनियापोलिसमध्ये महामार्गाचा पूल कोसळून १३ जण दगावले. पुलावर 'सदोष' हा शेरा कित्येक वर्षे होता, पण तो पडला दुसऱ्याच कारणाने: सांध्यावरच्या जोडपट्ट्या मूळ आराखड्यातच एक इंचाऐवजी अर्धा इंच जाडीच्या होत्या, आणि त्या दिवशी वर दुरुस्तीच्या सामानाचे ढीग होते. गंज मोजणाऱ्या तपासणीत आराखड्यातली चूक सापडत नाही. बातम्यांत मात्र शेराच गाजला.

आता वर्गवारी 'चांगला, बरा, वाईट' अशी सुटसुटीत आहे. पिट्सबर्गचा फर्न हॉलो पूल वर्षानुवर्षे 'वाईट' होता. तुंबलेल्या निचऱ्यामुळे पाणी आणि कचरा साचून त्याचे पोलादी पाय गंजत होते. ते साफ करा, दुरुस्त करा, असे तपासणी अहवालांत पुनःपुन्हा लिहिलेले होते. २८ जानेवारी २०२२ च्या पहाटे तो बससकट खाली गेला.